निर्यातीचे गणित आणि पेरणीचा हंगाम



एखाद्या मालाच्या निर्यातीत आपला देश इतरांपेक्षा सरस आहे की नाही, हे मोजता येते. हंगेरीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ बेला बालासा यांनी १९६५ साली त्यासाठी एक सोपा भागाकार रूढ केला. समजा, देशाच्या १०० रुपयांच्या निर्यातीत एका मालाचे ४ रुपये आहेत आणि साऱ्या जगाच्या १०० रुपयांच्या निर्यातीत त्याच मालाचे २ रुपये. ४ भागिले २ म्हणजे २. उत्तर १ पेक्षा जास्त आले की त्या मालात देश सरस. आठवीच्या मुलालाही हे जमेल.

परंतु हा आकडा घटला की दोष शेतकऱ्याचाच, असे समजू नये. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये ती ४० टक्के शुल्कासह खुली झाली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले. वीस महिन्यांत पाच फेरफार! २० रुपये किलोचा कांदा ४० टक्के शुल्काने २८ रुपयांना पडतो. परदेशी व्यापारी मग दुसऱ्या देशाकडे वळतो. शुल्क एका दिवसात काढता येते, पण तुटलेले गिऱ्हाईक एका दिवसात परत येत नाही.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात हाच प्रश्न तुरीचा आहे, फक्त उलट्या बाजूने, म्हणजे आयातीचा. मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के आयात शुल्क लागले. पण म्यानमार, मोझांबिक अशा अल्पविकसित देशांना त्यात सूट होती, आणि बाहेरची तूर मुख्यतः तिथूनच येते. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घालावी लागली. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. म्हणून नुसता शुल्काचा दर वाचून भागत नाही, तो कोणाला लागू आहे हेही पाहावे.

शहरातल्या गरिबाला डाळ-कांदा परवडला पाहिजे, हे मान्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की, शुल्काचा निर्णय पेरणीआधी जाहीर व्हावा आणि माल बाजारात जाईपर्यंत बदलू नये. मृगात तूर पेरणाऱ्याने पौषातला भाव कशावरून ताडायचा?

विद्यार्थ्यांनी शुल्काच्या बातम्यांची तारीख व दर वहीत टिपावेत आणि शेजारी बाजार समितीतला तुरीचा भाव लिहावा. गणिताचा असा धडा पुस्तकात सापडणार नाही.

— मुख्याध्यापक