जन्मतारखेच्या अलीकडे आणि पलीकडे

म्हैसूरहून नंजनगूडला जाताना वाटेत कडकोळ लागते. औद्योगिक वसाहत, मालमोटारींची वर्दळ आणि चामराजनगरच्या लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक, एवढीच प्रवाशाच्या लक्षात राहणारी त्याची ओळख. गेल्या महिन्यात तेथल्या एका चहाच्या टपरीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला बोलावून घेतले. तो तेथील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. चहा येण्याआधीच त्याने पिशवीतून कागदांची चळत काढली आणि कानडीत विचारले, ‘‘सर, माझे चारित्र्य चांगले आहे, असे तुम्ही शपथेवर लिहून द्याल का?’’

हा तरुण तिबेटी आहे. त्याचा जन्म १९८८ मधला, म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथला. शिक्षण, नोकरी, आजारपण, मैत्री हे सारे त्याने याच जिल्ह्यात अनुभवले. तिबेट त्याने पाहिलेला नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी आहे आणि आता त्याला भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करायचा आहे. अशा अर्जासोबत दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. त्यांतील एक माझे असावे, अशी त्याची इच्छा होती.

मी कागद चाळू लागलो. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जदाराने भारतात एकंदर बारा वर्षे वास्तव्य केलेले असावे लागते. त्यापैकी अर्जाआधीचे शेवटचे वर्ष सलग आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांतील अकरा वर्षे. त्याचे चारित्र्य चांगले असावे आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा त्याला पुरेशी यावी. ही शेवटची अट मला नेहमीच आपल्या राज्यकर्त्यांच्या शहाणपणाची खूण वाटत आली आहे. हा देश नव्या नागरिकाकडे अमुक एकाच भाषेचा आग्रह धरत नाही. त्याने कन्नड शिकावी किंवा मराठी, देशाला दोन्ही सारख्याच. माझा विद्यार्थी पिरियापट्टणच्या बाजाराची कन्नड बोलतो, आणि ती माझ्या पुस्तकी कन्नडपेक्षा कितीतरी जिवंत आहे. मात्र ‘सध्याचे नागरिकत्व’ या रकान्यापाशी तो अडला होता. तेथे काय लिहावे, हे त्याला कळत नव्हते. मलाही ते चटकन सांगता आले नाही.

हा रकाना त्याच्या थोरल्या बहिणीपुढे आलाच नसता. आईबाप तेच, घर तेच, गाव तेच. पण तिचा जन्म १९८६ मधला. मूळ कायद्याच्या तिसऱ्या कलमाने २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला जन्मानेच नागरिक मानले होते, मग आईवडील कोणत्याही देशाचे असोत. पुढे १९८६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. आता दुसरे पालकही बेकायदा स्थलांतरित असून चालत नाही.

जन्मभूमीच्या आधारे नागरिकत्व द्यावे का, हा वाद संविधान सभेतही झडला होता. ऑगस्ट १९४९ मधील चर्चेत अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी या तत्त्वावर कडाडून टीका केली होती. मुंबई बंदरात काही काळ उतरलेल्या परदेशी जोडप्याचे मूलही अशाने भारतीय ठरेल आणि आपले नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हा त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. ऐंशीच्या दशकात मात्र आसाम आंदोलन आणि १९८५चा आसाम करार यांच्या पार्श्वभूमीवर संसदेने कायदा बदलला. दुरुस्तीचा रोख पूर्व सीमेवरील घुसखोरीकडे होता. तिचा घाव मात्र हजारो मैल दूर, कावेरीच्या खोऱ्यातील मक्याच्या शेतात वाढणाऱ्या मुलांवरही बसला. बैलकुप्पेची आठवण त्या वेळी कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

खरे तर बैलकुप्पेची वसाहत ही स्वतंत्र भारताच्या औदार्याची एक ठळक खूण आहे. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो निर्वासितांपैकी अनेकांना हिमालयात रस्ते बांधण्याच्या कामावर लावण्यात आले होते. त्यांना स्थिर जीवन मिळावे म्हणून नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली आणि तत्कालीन म्हैसूर राज्याने सुमारे तीन हजार एकर जंगल देऊ केले. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या माणसांनी येथील पावसात, हत्तींच्या भीतीत झाडे तोडून शेते उभी केली. पुढे मुंडगोड, हुणसूरजवळचे गुरुपुर, कोळ्ळेगालच्या बाजूचे ओडेयरपाळ्य येथे वसाहती झाल्या. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ, प्रतापगडाच्या परिसरात १९७२ पासून अशी वसाहत आहे. हिवाळ्यात ठिकठिकाणी लागणारे तिबेटी स्वेटरांचे बाजार तर अनेक शहरांच्या परिचयाचे आहेत.

निवारा देण्यात उदार असलेले हे राज्य नागरिकत्वाचा प्रश्न आला की हात आखडता घेते. ज्यांचा हक्क निर्विवाद होता, त्यांनाही तो न्यायालयात भांडून मिळवावा लागला. १९८६ मध्ये भारतात जन्मलेल्या नामग्याल डोल्कर यांना पासपोर्ट नाकारण्यात आला, कारण त्यांनी पूर्वी स्वतःची नोंद तिबेटी म्हणून केली होती. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या जन्माने भारतीय असल्याचा निर्वाळा दिला. जन्माने मिळालेला हक्क कागदावरील अशा नोंदीने लोप पावत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही असाच निकाल दिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने या वर्षांत जन्मलेल्या तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्यास सांगितले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोच मुद्दा पुन्हा अधोरेखित केल्यावर परराष्ट्र मंत्रालय २०१७ मध्ये पासपोर्ट देण्यास राजी झाले.

पण त्याच वर्षी मंत्रालयाने अटीही घातल्या. अर्जदाराने निर्वासित म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे, निर्वासितांच्या सवलती सोडाव्यात आणि तिबेटी वसाहतीत राहू नये. माझ्या विद्यार्थ्याची बहीण मतदान करते, परंतु पासपोर्टसाठी तिने अर्ज केला नाही. वसाहतीतील जमीन सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळालेली आहे, कोणाच्या मालकीची नाही. वृद्ध आई त्याच घरात राहते. नागरिकाने आपल्या आईच्या घरात राहू नये, ही अट दुसऱ्या कोणत्या भारतीयाला घातली गेली आहे, असे तिने मला विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. सवलती बंद करण्यामागचा तर्क मी समजू शकतो. घर सोडायला लावण्यामागचा नाही.

धाकट्या भावाची अडचण वेगळी. त्याच्याकडे पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र आहे. परदेशी जायचे तर त्यावर, या व्यक्तीने भारतात परत येण्यास सरकारची हरकत नाही, अशी नोंद लागते. ज्या जिल्ह्यात आपण जन्मलो तेथे परतण्यास कोणाची तरी ‘हरकत नाही’ हे सोबत बाळगून फिरण्यातले दुःख त्याने मला एरवी कधी सांगितले नव्हते. कारखान्याने प्रशिक्षणासाठी त्याचे नाव सुचवले, कागद वेळेत जमले नाहीत आणि दुसराच कोणी गेला, एवढेच तो म्हणाला.

याच्या तुलनेत मला माझ्या घरातील एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. तेथील शपथेत अन्य देशांवरील निष्ठेचा स्पष्ट शब्दांत त्याग करावा लागतो. त्याने तो केला आणि आम्ही म्हैसूरमध्ये म्हैसूरपाक वाटला. तो देशाला विसरला, असे कोणाच्या मनातही आले नाही. भारताने त्याला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड दिले. त्यामुळे त्याला व्हिसाविना येथे येता-राहता येते, नोकरी करता येते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या अपत्यांचे जन्मसिद्ध नागरिकत्व रोखण्याचा आदेश काढला, तेव्हा तो अन्याय आहे, असे आपल्याकडील किती घरांत हिरिरीने बोलले गेले! ज्या तत्त्वाचा आग्रह आपण परक्या भूमीवर धरतो, ते आपण आपल्या भूमीवर १९८७ मध्येच सोडून दिले, याचे भान त्या चर्चेत क्वचितच होते. देश सोडून गेलेल्यांशी नाते टिकवण्यासाठी आपण कायद्यात वाट काढली. येथेच जन्मून येथेच राहिलेल्यांसाठी ती काढलेली नाही.

दत्तक घेतलेल्या देशाशी एकरूप झालेल्या परकीयांचा आपण गौरव करतो, हे खरे. इंग्लंडहून आलेले व्हेरियर एल्विन १९५४ मध्ये भारताचे नागरिक झाले, बेल्जियममध्ये जन्मलेले ज्याँ द्रेज २००२ मध्ये. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी १९८३ मध्ये नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे आपले गाव मानले. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्या आणि कष्टकऱ्यांच्या लढ्यात उतरणाऱ्या या विदुषीला महाराष्ट्राने आपलेच मानले. पण ही सारी असामान्य माणसे होती. कायद्याची कसोटी असामान्यांच्या बाबतीत लागत नाही. ती कडकोळच्या एखाद्या हिशेबनिसाच्या बाबतीत लागते.

या मागणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप तिबेटी समाजातूनच येतो. विद्यार्थ्याच्या आईला हा अर्ज मान्य नाही. वडिलांच्या पाठुंगळी बसून ती हिमालय ओलांडून आली. नागरिकत्व मागणे म्हणजे परतण्याची आशा सोडणे, असे तिला वाटते. तिच्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. तथापि निर्वासित तिबेटींच्या १९९१च्या सनदेनेही परिस्थितीवश अन्य देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याला तिबेटी म्हणून राहण्याची मुभा ठेवली आहे. शिवाय अर्ज ऐच्छिक असतो. ज्यांना निर्वासित राहूनच आपला लढा चालवायचा आहे, त्यांच्यावर नागरिकत्व कोणी लादू नये.

दुसरा आक्षेप परराष्ट्र धोरणाचा. चीनला काय वाटेल, आणि तिबेटचा प्रश्न दुबळा होईल का? माझ्या मते साठ वर्षांहून अधिक काळ एका समाजाला अनिश्चिततेत ठेवून तो प्रश्न बळकट झालेला नाही. २००९च्या तिबेटी जनगणनेत भारतात ९४ हजारांच्या आसपास तिबेटी होते. त्यानंतर हा आकडा घटत गेला, कारण तरुण पाश्चात्त्य देशांत जाऊ लागले. जेथे पासपोर्ट मिळतो, तेथे माणूस मुळे रुजवतो.

तिसरा आक्षेप असा, की हे दार उघडले तर इतरही येतील. त्यावर माझे उत्तर असे, की दार कोणासाठी आणि कोणत्या निकषावर उघडायचे, हे स्पष्ट सांगणारा कायदा हवा. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली. त्या सहांत बौद्ध आहेत, पण तिबेटमधून आलेला बौद्ध तिच्या कक्षेत येत नाही आणि श्रीलंकेहून आलेला तमिळ हिंदूही नाही. देश आणि धर्म यांच्या यादीऐवजी जन्मस्थळ आणि वास्तव्याचा काळ हे निकष अधिक न्याय्य ठरतील.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्या तिबेटींना पासपोर्ट देताना राहत्या घराची अट लावू नये. त्यानंतर येथे जन्मलेल्यांचे नोंदणीकृत वास्तव्य कायदेशीर मानून त्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढावेत. कायद्यातील ‘बेकायदा स्थलांतरित’ ही व्याख्याच मुळी भारतात ‘प्रवेश’ केलेल्या परदेशी व्यक्तीची आहे. जो येथेच जन्मला त्याने प्रवेश केला कधी? आणि तिसरी गोष्ट, कलम १४ बदलावे. या कलमानुसार सरकार अर्ज नाकारू शकते आणि कारण सांगण्यास बांधील नसते. राजाच्या दरबारात हे शोभले असते. प्रजासत्ताकाने ‘नाही’ म्हणताना कारण द्यायला हवे.

त्या दिवशी कडकोळला मी प्रतिज्ञापत्रावर सही करण्याचे मान्य केले. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्याने मला एकदाही खोटे सांगितलेले नाही, असे मी त्यात लिहिले. अर्जाचा इरादा वर्तमानपत्रात छापून जाहीर करावा लागतो. ती जाहिरात आई वाचणार नाही अशा भाषेत द्यावी का, असे त्याने संकोचून विचारले. मी म्हणालो, आधी आईला सांग. शनिवारी तो बैलकुप्पेला गेला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पेटीतून त्याचा जन्मदाखला काढून दिला.