कुलूप कुणाच्या रक्षणासाठी?



आग हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या तीन शब्दांखाली किती मरणे मिटवली गेली, हे आपण पंचनामे वाचून शिकलो. आज मात्र मी आगीच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहिते आहे. तो विषय आहे इमारत बांधताना लागणारा अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला. हा विषय रूक्ष आहे आणि ठेकेदाराचा आहे असे वाटेल. पण सातारा-सांगलीत बायकांचे गट आता भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या इमारतीकडे निघाले आहेत. कुणाला मसाला कांडपाची शेड बांधायची आहे, कुणाला पाळणाघर, तर कुणाला नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह. म्हणून हा विषय आता आपलाही झाला आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. आगीपासून बचावाची साधने बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. म्हणजे जागा भाड्याची असली तरी आपली सुटका नाही. साध्या छोट्या घराला हा दाखला लागत नाही. वसतिगृह, दवाखाना, शाळा, सभागृह, कारखाना यांना मात्र उंची, क्षेत्रफळ आणि वापर पाहून नियम लागतात. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये महापालिका, सातारा-कराड-विट्यात नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीची यंत्रणा, असे दरवाजे वेगवेगळे आहेत. काही प्रस्ताव मुंबईला राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडेही जातात.

दाखला दोनदा मिळतो. पहिला तात्पुरता, नकाशा मंजूर होण्याआधी. त्यात अटी लिहिलेल्या असतात: जिने किती आणि किती रुंद, बंब आत यायला मोकळी जागा, पाण्याची टाकी, दारे कोणत्या बाजूला उघडायची. बांधकाम झाल्यावर परवानाधारक संस्थेने साधने बसवून तसे प्रमाणपत्र द्यायचे, अधिकाऱ्याने पाहणी करायची, मग अंतिम दाखला आणि त्यानंतर भोगवटा. पण काम तिथे संपत नाही. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, साधने चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. लाल नळकांडे एकदा भिंतीला टांगले की झाले, असा समज असेल तर तो सोडून द्या.

गेल्या वर्षभरात दोन गटांबरोबर मी हे कागद घेऊन फिरले. एका कार्यालयात ‘बाई, तुमच्या साहेबांना पाठवा’ असे ऐकले. आमचा साहेब नाही, अध्यक्षीणबाई आहेत, हे समजावण्यात अर्धा दिवस गेला. बाहेर मध्यस्थ उभाच होता. ‘पाहणीबिहणी काही नको, दाखला घरपोच देतो.’ खर्च वाचवायला नकाशातला दुसरा जिना आधीच कापलेला होता. त्या गटातल्या एका मावशींनी विचारले, ‘दाखला विकत मिळेल, पण धूर भरल्यावर पोरी त्या कागदावरून उतरणार का?’ त्या दिवशी मध्यस्थ परत गेला आणि जिना नकाशात परत आला.

जिन्याइतकाच महत्त्वाचा आहे कुलपाचा प्रश्न. मुलींचे वसतिगृह म्हटले की खिडक्यांना पक्के गज, मागच्या दाराला कायमचे कुलूप आणि रात्री फाटकाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात. याला आपण सुरक्षितता म्हणतो. खरे तर हा बंदोबस्त आहे, आणि तो मुलींच्या जिवापेक्षा घराण्याच्या अब्रूसाठी आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बाहेर पडायचे एक दार कुलूपबंद होते. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात मुळशीजवळच्या उरवडे येथे रसायनाच्या कारखान्यात आग लागली, तेव्हाही मृतांत बहुसंख्य बायकाच होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच विट्यात भांड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली चार माणसे गेली. खाली दुकान, वर घर ही आपल्या बाजारपेठांची जुनी रीत. खाली कांडप, वर वसतिगृह असा नकाशा काढताना हे विसरून चालणार नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सगळे पैसेवाल्यांचे नियम, आमच्या गटाला टाकी आणि पंप कुठून परवडणार? ही अडचण खरी आहे. पण यावर उपाय नियम मोडण्यात नाही. इमारतीसाठी अनुदान किंवा कर्ज देताना आगीपासून संरक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे, अशी मागणी आपण शासनाकडे आणि बँकांकडे करायला हवी. दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांची आणि शुल्काची यादी मराठीत कार्यालयाच्या भिंतीवर लागली, तर मध्यस्थाचे निम्मे दुकान बंद होईल.

कागदाला आपण कधी भ्यायलो? परित्यक्ता बायकांनी स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली, ती याच भागात. म्हसवडच्या बायकांचा बँकेचा पहिला अर्ज, त्या निरक्षर म्हणून नाकारला गेला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. छप्पर मिळवण्याची लढाई आपण लढलो. आता त्या छपराखालून जिवंत बाहेर पडता येईल ना, हे विचारायचे आहे.

तेव्हा प्रत्येक गटाने या तिमाहीत एवढे करावे. आपली बैठक जिथे भरते, आपल्या मुली जिथे राहतात, बायका जिथे कामाला जातात, त्या इमारतीत फिरून बाहेरची दारे मोजा. ती आतून किल्लीशिवाय उघडतात का, ते स्वतः उघडून पाहा. शेवटचे ‘नमुना ब’ कधी दिले ते मालकाला विचारा. उत्तर नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून संबंधित कार्यालयाकडे मागा. स्वतःची इमारत बांधत असाल तर नकाशावर सही करण्याआधी दुसरा जिना कुठे आहे त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

बोट ठेवायला जागा नसेल, तर सही करू नका.