दौलतजादा: नोटा सर्वांनी पाहिल्या, वही कोणी पाहिली?

१/
महाराष्ट्रातील नाचगाण्याच्या व्यवसायाचा इतिहास आजवर दोनच सुरांत सांगितला गेला. एक सूर गौरवाचा: शाहिरी, पेशवाई, नऊवारी, घुंगरू. दुसरा धिक्काराचा: चैन, व्यसन, डान्सबार, संसाराची राखरांगोळी. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी आहेत. तरीही दोघांनी मिळून एक वस्तू नजरेआड ठेवली आहे. ती वस्तू म्हणजे हिशेबाची वही. खासगी नाचाचे मोल कोणी मोजले, कशाने मोजले आणि मोजून झाल्यावर पैसा कोणाच्या गल्ल्यात राहिला, हा या थ्रेडचा विषय.

२/
आरंभ एका शब्दापासून. 'दौलतजादा' म्हणजे नाचगाण्यावर खूश होऊन कलावंतिणीला दिलेले पैसे. या शब्दाची व्युत्पत्ती 'दौलत वाढो' या आशीर्वादापर्यंत नेली जाते. हा आशीर्वाद देणाऱ्याच्या दौलतीला आहे, घेणारीच्या नव्हे. इतिहासलेखनानेही तोच कित्ता गिरवला. कोणत्या सरदाराने किती उधळले याच्या आख्यायिका गावोगाव ऐकू येतात. उधळलेल्या रकमेतून नाचणारीच्या पदरात किती पडले, हे सांगणारी आख्यायिका एकही नाही.

३/
'संगीत बारी' या प्रकाराची रचना पाहावी. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात किंवा कला केंद्रात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि त्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात. पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुला ही याची परिचित ठिकाणे. रंगमंचावरील खेळ तिकिटाचा. त्यानंतर ज्याची ऐपत असेल तो एखाद्या पार्टीची स्वतंत्र खोलीत 'बैठक' लावतो. खेळ सर्वांसाठी असतो, बैठक मोजक्यांसाठी. खरी कमाई बैठकीची.

४/
येथे मोजमापाची दोन एकके एकत्र नांदतात. बैठक वेळेवर ठरते आणि दौलतजादा गाण्यागणिक पडतो. वेळेचे पैसे आधी ठरलेले असतात. त्यात जागामालकाचा वाटा असतो, पार्टीच्या मालकिणीचा असतो, ढोलकी, तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांचा असतो. नाचणारीचा वाटा या सर्वांच्या पंगतीत बसतो. फर्माईशीचे पैसे मात्र थेट तिच्या हातात येतात, आणि तरीही ते तिचेच राहतील अशी खात्री नसते. तात्पर्य, एकक बदलले की सत्ता बदलते. जो एकक ठरवतो, तोच मोबदलाही ठरवतो.

५/
"पेशवाईत कलावंतिणींचा मान होता," असे विधान समाजमाध्यमांवर दर आठवड्याला वाचायला मिळते. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या रचना आणि दुसऱ्या बाजीरावाचा राजाश्रय हे निर्विवाद सत्य. परंतु त्याच पेशवे दफ्तरात बटकी आणि कुणबिणी यांच्या खरेदी-विक्रीच्याही नोंदी आहेत. एका कागदावर नाचणारणीला दिलेली बिदागी आढळते, दुसऱ्यावर मोल लावून हस्तांतरित झालेली बाई. पहिला कागद मिरवायचा आणि दुसरा दडवायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. ती जाहिरात झाली.

६/
कमाई घरी पोचल्यावर काय होते? किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मून डॉक्टर झालेल्या या लेखकाने तमाशातील झगमगाटापेक्षा घरातील अर्थव्यवहार उघडा केला. एका बाईच्या कमाईवर अख्खे घर पोसले जाते, घरातील पुरुष बसून खातात आणि पैशाविषयी निर्णय घेताना तिलाच विचारले जात नाही. या पुस्तकावर चर्चा भरपूर झाली. पण ती जातीच्या आणि नीतीच्या अंगाने अधिक झाली, हिशेबाच्या अंगाने फार कमी.

७/
शोषणाचे हे यंत्र केवळ मराठी मातीतले नाही. अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत 'टॅक्सी-डान्स' सभागृहे जोरात होती. गिऱ्हाइकाने दहा सेंटचे तिकीट काढायचे, हव्या त्या तरुणीला द्यायचे आणि एक नाच मिळवायचा. तिकीट फाडले जाई, अर्धा तुकडा तिच्याकडे राही. रात्र सरल्यावर ती आपले तुकडे मोजून देई आणि साधारण निम्मी रक्कम घेई. पॉल क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील या सभागृहांचा अभ्यास १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. यातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे: निम्मा वाटा मालकाचा असला, तरी मोजणीचा पुरावा नाचणारीच्या मुठीत होता.

८/
पुढे तेथील स्ट्रिप क्लबांत तो पुरावाही निसटला. खासगी नाच गाण्यागणिक, बंद खोलीतील सहवास मिनिटांच्या हिशेबाने, आणि मोजणी क्लबच्या माणसांकडे. बऱ्याच क्लबांत तर कामावर येण्यासाठी नर्तकीनेच क्लबला रोजचे शुल्क द्यायचे. कारण काय, तर ती नोकर नव्हे, 'स्वतंत्र व्यावसायिक'! रोकड नसलेल्या गिऱ्हाइकाला न्यूयॉर्कचा रिक्स कॅबरे हा क्लब स्वतःची कागदी टोकने विकत असे, आणि नर्तकीने ती वटवायला आणली की त्यातून कपात करत असे.

९/
याच क्लबविरुद्ध नर्तकींनी दावा लावला. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला की त्या नोकरच आहेत आणि किमान वेतनाच्या हक्कदार आहेत. क्लबचा बचाव असा होता की खासगी नाचाचे जे पैसे त्यांना गिऱ्हाइकाकडून मिळतात, तेच वेतनात धरावेत. न्यायालयाने तो फेटाळला. एक कारण मार्मिक होते: ते पैसे क्लबने स्वतःच्या जमाखर्चात उत्पन्न म्हणून कधी दाखवलेच नव्हते. ज्या वहीत नोंद टाळून मालकाने फायदा घेतला, तीच वही त्याच्यावर उलटली.

१०/
आता मुंबई. १९८०च्या दशकापासून शहरात आणि भोवतीच्या पट्ट्यात डान्सबार वाढले. येथे खोलीऐवजी दालन, बैठकीऐवजी टेबल. गिऱ्हाईक गल्ल्यावर मोठी नोट मोडून सुट्या नोटांची बंडले घेई आणि पसंतीच्या मुलीवर उडवी किंवा तिच्या गळ्यात नोटांचा हार घाली. खाली पडलेल्या नोटा बारची माणसे गोळा करत आणि रात्री मोजणी होऊन मालक व नर्तकी यांच्यात वाटणी होई. अनेकींना पगार नव्हताच, होता तो फक्त वाटा. उधळपट्टी वाटणाऱ्या त्या दृश्यामागे काटेकोर जमाखर्च चाले. फक्त त्याचा कागद मुलीकडे नसे.

११/
२००५ साली राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३ अ आणि ३३ ब घालून डान्सबारवर बंदी आणली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तिचे जोरदार समर्थन केले. बारबालांची संख्या तेव्हा ७५,००० सांगितली जात होती. बंदीतली मेख अशी की कलम ३३ ब ने तीन तारे आणि त्यावरील हॉटेले, जिमखाने, नाट्यगृहे यांना सूट दिली. नाच तोच, जागा महाग असली की नीतिमान! सदाचाराची ही व्याख्या कोणत्या संतपरंपरेत बसते, हे समर्थकांनी कधीच सांगितले नाही.

१२/
एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि या उपायाने मूळ दुखण्याहून अधिक अपाय झाला, अशा आशयाची टिप्पणी केली. परंतु मधल्या आठ वर्षांत काय झाले, याकडे विजयाचा आनंद मानणाऱ्यांनीही पाहिले नाही. बंदीच्या दिवशी एखाद्या कारखान्याला टाळे लागले असते, तर कामगाराकडे हजेरीपत्रक असते, थकबाकीचा दावा असतो, भविष्यनिर्वाह निधी असतो. वाट्यावर नाचणारीकडे यांतील काहीच नव्हते. तिचे श्रम हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, पण ते कोणत्याही कागदावर नव्हते.

१३/
२०१६ साली सरकारने नवा कायदा केला. त्याच्या नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण होते. प्रतिष्ठा कशी राखायची? नोटा उडवायच्या नाहीत, हे समजण्याजोगे. पण नर्तकीच्या हातात पैसे देण्यासही मनाई केली गेली आणि बक्षिशी बिलात मिळवावी, अशी वाट दाखवली गेली. बिल कोणाचे? बारमालकाचे. म्हणजे जी एकमेव रक्कम थेट तिच्या हातात पडत होती, तीही प्रतिष्ठेच्या नावाखाली मालकाच्या गल्ल्याकडे वळवली गेली. लेखी कराराची आणि बँकेत मोबदला जमा करण्याची अट नियमांत होती, हे खरे. पण बक्षिशी एकदा बिलात गेली की तिच्यातून किती रक्कम बँकेत पोचली, हे पडताळण्याचे साधन नाचणारीकडे कोणते?

१४/
१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील अनेक अटी रद्द केल्या. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटरचे अंतर, दालनात कॅमेऱ्यांची सक्ती यांसारख्या अटी गेल्या. नोटा उडवण्यावरील बंदी राहिली, मात्र बक्षिशी हातात देण्याला मोकळीक मिळाली. वृत्तपत्रांनी मथळे केले ते 'डान्सबार पुन्हा सुरू' असे. वस्तुतः त्या निकालातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पैसे गल्ल्यातून जाणार की हातातून, हा होता. इतिहासप्रेमींनी मथळ्यावर वाद घातला, मुद्दा तसाच सोडून दिला.

१५/
येथे पहिला आक्षेप येतो: "लावणी ही कला आहे, तिची तुलना बारशी करू नये." कलेची तुलना कोणीही करत नाही. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ही अभिजात साधना होती आणि २०१२ची पद्मश्री त्या साधनेला होती. परंतु कला श्रेष्ठ असल्याने कलावंतिणीचा हिशेब चोख होता, असे सिद्ध होत नाही. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले. २००२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हाचे त्यांचे शेवटचे दिवस हलाखीचे होते. आता राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. गौरवाचा सूर लावणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

१६/
दुसरा आक्षेप: "अशा धंद्याचा हिशेब मांडणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे." उलट, हिशेब न मांडणे म्हणजे मालकाला अभय देणे. सावकाराच्या चोपड्या उघड्या केल्याने सावकारीला प्रतिष्ठा मिळाली नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी त्या चोपड्या आणि गहाणखतेच प्रथम ताब्यात घेतली, कारण सत्ता कोठे बसली आहे हे त्यांना ठाऊक होते. दख्खनच्या दंग्यांचा अभ्यास करताना कर्जरोखा हा इतिहासाचा पुरावा ठरतो. मग तमाशातील 'उचल', बैठकीचा दर आणि बारमधील वाटा याच न्यायाने पुरावा का नाहीत?

१७/
नोंदीचे सामर्थ्य समजून घ्यायचे असेल तर वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनकडे पाहावे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांनी कोणत्या वेळी पूजा करावी, याचे वेळापत्रक १९०५ साली ठरले. वाद थांबला नाही. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १९२९ साली तेथे निकाल लागला. पूजा आणि नाच यांची तुलना येथे मुळीच अभिप्रेत नाही. तुलना आहे ती कागदाची. वऱ्हाडातील एका गावातील पाळ्यांचा प्रश्न साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला, कारण दोन्ही पक्षांकडे बोट ठेवायला लेखी आधार होता. संगीत बारीच्या नावातच पाळी आहे. तरी त्या पाळीचा करार नाचणारीच्या हाती क्वचितच आला.

१८/
म्हणून लावणीवरील, तमाशावरील किंवा डान्सबारवरील पुढचा लेख वाचताना चार प्रश्न विचारावेत. मोजमापाचे एकक कोणते: गाणे, तास, रात्र की हंगाम? मोजणारा कोण? मोजल्याचा पुरावा कोणाकडे राहतो? आणि उचल फिटली हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ज्या लेखात घुंगरांचे वर्णन आहे पण या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही, तो लेख देखणा असेल, इतिहास नसेल.

१९/
मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या तरुणांना येथे मोठे काम आहे. थकलेल्या कलावंतिणी, ढोलकीवाले, पेटीवाले, थिएटरांचे जुने व्यवस्थापक आज हयात आहेत. त्यांना "तुमची गाजलेली लावणी कोणती?" हे हजार जणांनी विचारून झाले. "त्या रात्रीचे पैसे कोणी मोजले?" हे विचारणारे फार थोडे. फडाच्या पेटीत, थिएटरच्या माडीवर, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी पडलेली वही वाळवीच्या तोंडी जाण्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत. दौलत कोणाची वाढली, याचे उत्तर त्या वहीतच आहे.