बासी ईदचा खर्च आधी धरा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की आमच्याकडे घरोघरी वही उघडते. फित्रा पहिला. माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू, किंवा त्याची किंमत, ईदच्या नमाजपूर्वी गरिबाच्या हाती पडायला हवी. त्यावर तडजोड नाही. मग कपडे, शिरखुर्म्याचा सुकामेवा, घराची रंगरंगोटी. दिवाळीआधी शेजारी चालते तेच. पैसे कमी पडले की कात्री लागते ती बासी ईदच्या, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या सहलीला. माझ्या मते हे उलटे आहे.

रंगारी टाळता येतो. चुना रात्रभर भिजवून गाळावा, थोडी नीळ आणि डिंकाचे पाणी घालावे; मग भिंतीला टेकले तरी सदऱ्याला लागत नाही. पोरांनाही एक कुंचला द्या, फक्त डोळे जपा. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तिथे साबणाचे पाणी पुरे. आणि ईदसाठी हप्त्यावर सोफा? व्याज निषिद्ध मानणाऱ्या घरात तो मला पटतच नाही.

सहलीला असे किती लागतात? लातूरकरांना औशाचा किल्ला, नांदेडकरांना कंधारचा किल्ला आणि हाजी सय्याहांचा दर्गा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. महिनाभर सहरीसाठी सगळ्यांच्या आधी उठणारी घरातली बाई या एकाच दिवशी चुलीपासून सुटते. डबा त्या दिवशी पुरुषांनी भरावा.