वाकड्या शेपटीचा इशारा

एरिन हंटर या टोपणनावाने अनेक जणी मिळून लिहीत असलेली ‘वॉरियर्स’ ही कादंबरीमालिका २००३ पासून मुले आवडीने वाचत आहेत. जंगलातील मांजरांची कुळे, प्रत्येकाची वेगळी हद्द आणि एक कडक नियम : कुळाबाहेर जोडीदार शोधायचा नाही. हौशी वाचक या कुळांच्या वंशावळी रचतात; कुणाला वाकडी शेपटी देतात, कुणाला जास्तीची बोटे. कल्पनेत ही कुळाची शान ठरते. खऱ्या जंगलात मात्र असा नियम लागू झाला, तर तो महागात पडतो.

फ्लोरिडातील पँथर म्हणजे प्यूमा. शिकारीने त्याची संख्या घटली, रस्ते आणि वस्त्यांनी त्याचे जंगल वेढले आणि इतर प्यूमांशी संबंध तुटला. १९९०च्या सुमारास जेमतेम २० ते ३० जनावरे उरली होती. अनेकांच्या शेपटीला टोकाशी मुरड होती, पाठीवर केसांचा भोवरा होता. या खुणा तशा निरुपद्रवी. पण त्यांच्या सोबतीने बरेच काही आले होते. कित्येक नरांचे वृषण खाली उतरलेले नव्हते, शुक्राणू सदोष होते, काहींच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होते.

कारण अवघड नाही. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी बहुधा दुसरी सांभाळून घेते. आईवडील जवळच्या नात्यातले असतील, तर तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते.

१९९५ मध्ये टेक्सासमधून आठ प्यूमा माद्या तेथे सोडण्यात आल्या. पाच जणींना पिल्ले झाली. पुढच्या पिढ्यांत वाकड्या शेपट्या आणि हृदयाचे दोष घटले आणि सुमारे बारा वर्षांत पँथरची संख्या जवळपास तिप्पट झाली.

आपल्याकडे ओडिशातील सिमिलिपालमध्ये हीच गोष्ट घडते आहे. तेथील काही वाघांचे पट्टे इतके रुंद आणि जवळजवळ असतात, की वाघ काळा दिसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले, की एकाच जनुकातील बदलामुळे हे होते आणि एकाकी पडलेल्या छोट्या समूहात तो वाढत गेला. काळा रंग हा काही आजार नव्हे, पण दारे बंद झाल्याचा तो इशारा आहे. म्हणूनच २०२४ मध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तेथे नेण्यात आल्या. झीनत तर झारखंड ओलांडून पश्चिम बंगालपर्यंत गेली. तिला पकडून परत आणावे लागले.

अशा वेळी ‘दुर्मीळ’ रंगाचे कौतुक करून पर्यटक जमवणे योग्य नाही. हे आपण पूर्वी केले आहे. १९५१ मध्ये रेवा भागात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाची जोडी पांढरी पिल्ले मिळावीत म्हणून त्याच्याच मुलीशी लावण्यात आली. गर्दी जमली, किंमत त्या वंशाने मोजली.

माणसाची जनुके वेगळ्या नियमाने चालत नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात अजून अनेक घरांत आहे. एरवी १०० बाळांमागे २ ते ३ बाळांत गंभीर जन्मदोष आढळतो. आते-मामे भावंडांच्या संततीत हे प्रमाण साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे. अशा लग्न झालेल्यांना घाबरवण्याचे वा हिणवण्याचे कारण नाही. पण घरात बहिरेपण, मतिमंदत्व, थॅलेसेमिया किंवा लहानपणीच दगावलेली मुले असा इतिहास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला लग्नाआधी घ्यायला हवा. निदान गर्भधारणेआधी तरी.

लग्नाच्या बैठकीत पत्रिका निघते, पगार विचारला जातो, रक्तगटही विचारला जातो. ‘घरात कुणाला काही आनुवंशिक आजार आहे का?’ हा प्रश्न मात्र अपमान समजला जातो. तो अपमान नाही; येणाऱ्या बाळाच्या वतीने केलेली ती साधी चौकशी आहे.