हायब्रीडाची बाजू

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आमच्या लोकांच्या जिभेवर इतकी घट्ट बसली आहे कीं, ज्यास दोन कामें येतात त्यास एकही धड येत नसलें पाहिजे, असें आम्ही विचार न करतांच गृहीत धरतों. ही समजूत आतां आमच्या मुलांच्या खेळांतही शिरली आहे. संगणकावरील ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांत जो मुलगा 'हायब्रीड' वर्गाचें पात्र घेतो आणि तें घेऊन डॅमेज करण्याची, म्हणजे शत्रूवर प्रहार करण्याची भूमिका पतकरतो, त्याला त्याचेच सोबती मंडळीवरील ओझें ठरवितात. आणि 'तुला मारावयाचेंच होतें, तर निव्वळ मारणाऱ्यांचा वर्ग कां घेतला नाहींस?' असा सवाल टाकतात. हा सवाल चुकीचा आहे, व त्यामागील विचारसरणी खेळापुरती राहणारी नसल्यामुळें घातकही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हे खेळ म्हणजे निव्वळ पोरकटपणा असें ज्यांस वाटतें, त्यांनींही हा वाद ऐकावा. चाळीस माणसांनीं मिळून एक काम करावयाचें, तर त्यांत कोणाचें मोल कशानें ठरवावयाचें, हा प्रश्न पोरकट नाहीं.

ज्या वाचकांस या खेळांची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. या खेळांत मंडळी जमवून बलाढ्य शत्रूवर चालून जावयाचें असतें. त्या मंडळींत कामें तीन : शत्रूचे घाव स्वतःच्या अंगावर घेणारा तो टँक, सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा तो हीलर, आणि उरलेले डॅमेज करणारे. २००४ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांत आरंभीं नऊ वर्ग होते. त्यांपैकीं रोग, मेज, हंटर व वॉरलॉक या चौघांस मारण्यावांचून दुसरें काम नाहीं. उलट ड्रुइड, पॅलडिन, शामन, प्रीस्ट यांस आपलें कौशल्य कोणत्या अंगानें वाढवावें याची मोकळीक असते. तोच ड्रुइड अस्वल होऊन घाव झेलील, मांजराचें रूप घेऊन ओरबाडील, किंवा झाडपाल्याच्या विद्येनें जखमा बऱ्या करील. हे हायब्रीड. आणि हा प्रकार कांहीं कालपरवांचा नव्हे. या सर्व खेळांचा मूळपुरुष जो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांत योद्धा, जादूगार व क्लेरिक असे तीनच वर्ग होते. त्यांतला क्लेरिक अंगांत चिलखत घाली, हातांत गदा धरी, आणि मुखानें जखमा भरण्याचा मंत्र म्हणे. तिघांपैकीं एक जन्मतःच दुहेरी होता !

असें असतां या दुहेरी माणसाच्या वांट्यास काय आलें ? १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळांत पॅलडिन, रेंजर आदि वर्गांस वरची पायरी चढण्यासाठीं इतरांहून चाळीस टक्के अधिक अनुभव मिळवावा लागे. दोन विद्या येतात म्हणून दंड! तो दंड पुढें रद्द झाला, पण त्यामागची वृत्ति गेली नाहीं. वॉरक्राफ्टच्या पहिल्या दोन वर्षांत चाळीस जणांच्या मोहिमेवर जाऊं इच्छिणाऱ्या ड्रुइडास वा शामनास बहुधा एकच उत्तर मिळे : 'हीलर म्हणून येत असलास तर ये.' खेळ रचणाऱ्यांचाही त्यास हातभार होता. ड्रुइडासाठीं त्यांनीं केलेला 'स्टॉर्मरेज' नांवाचा पोशाख मुख्यतः जखमा भरणाऱ्याच्याच उपयोगाचा होता. मोकळीक कागदावर होती, व्यवहारांत नव्हती.

आतां या बहिष्काराचा मुख्य आधार पाहूं. तो आधार म्हणजे मीटर. लढाईंत कोणीं किती डॅमेज केला हें मोजून नांवांची उतरती यादी दाखविणारें हें साधन आहे. आणि यादींत ज्याचें नांव खालीं तो नालायक, असा निकाल लागतो. मोजण्यास आमचा विरोध नाहीं. आमचा आक्षेप असा कीं, ही यादी जें मोजते तेंही पूर्णपणें खरें मोजत नाहीं. शामन जमिनींत विंडफ्युरीचा खुंट रोवतो, आणि त्याच्या योगानें शेजारच्या वॉरियरची तलवार मधून मधून अधिक वार करते. ते अधिक वार यादींत कोणाच्या नांवावर पडतात ? वॉरियरच्या. सावलीची विद्या शिकलेला प्रीस्ट शत्रूस असा कांहीं ग्रासतो कीं, वॉरलॉकच्या सावलीच्या मंत्रांचा जोर वाढतो. तो वाढलेला जोर कोणाच्या खात्यांत जमा होतो ? वॉरलॉकच्या. म्हणजे एकानें कमवावें, दुसऱ्याच्या नांवें मांडावें, आणि वर कमावणाऱ्यासच 'तूं खालीं कां ?' म्हणून विचारावें, असा हा हिशेब आहे. अशा वह्या ठेवणारा मुनीम कोणत्याही पेढीवर आठ दिवस टिकला नसता.

आणि जें डॅमेज नव्हेच, त्यास तर यादींत घरच नाहीं. मांजराच्या रूपांत लढणारा ड्रुइड ऐन लढाईंत पडलेल्या हीलरास अर्ध्या तासांतून एकदां उठवूं शकतो. त्या एका मंत्रानें चाळीस जणांची संध्याकाळ वांचते. यादींत मात्र त्याचा आंकडा शून्य, किंबहुना मंत्र म्हणण्यांत गेलेल्या वेळामुळें उणाच. २००७ च्या आरंभीं त्या खेळाचा पुढील भाग निघाला, तेव्हां सावलीच्या प्रीस्टास आपल्या डॅमेजच्या प्रमाणांत सोबत्यांची मंत्रशक्ति भरून देण्याची सोय मिळाली. यादींत तो वर चढला नाहीं. परंतु ज्यास काल दारांतून परत लावीत, त्याचीच मंडळी वाट पाहूं लागली. त्याचें काम डोळ्यांना दिसूं लागलें, एवढाच काय तो फरक.

यावर आम्हांस आमच्या खानदेशांतील ज्वारीची आठवण होते. हायब्रीड हा शब्द वरणगांवाकडील शेतकऱ्यास संगणकानें शिकविलेला नाहीं. १९६४ सालीं सी. एस. एच.–१ ही संकरित ज्वारी आली तिनें शिकविला. एकरी दाणा मोजला तर जुनी ज्वारी तिच्यापुढें साफ हरली. पण नव्या ज्वारीचें ताट बुटकें, म्हणून कडबा कमी. पीक लवकर हातीं येई, तों परतीच्या पावसांत दाणा काळा पडे. आणि भाकरीला ती गोडी नाहीं, ही घरोघरची तक्रार. बैलांच्या दावणीला काय घालावयाचें, हें दाण्याच्या आंकड्यांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. गंमत अशी कीं, येथें 'हायब्रीड' म्हणविणारी ज्वारी एकाच कामाची, आणि माणूस व गुरें दोघांसही पोसणारी जुनी उंच ज्वारीच खरी दुहेरी. धान्याची टंचाई असतां दाण्याकडे पाहणें योग्यच होतें. परंतु टंचाईच्या वर्षाची मोजपट्टी सर्वकाळची करणें योग्य नव्हतें.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे, व तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ते म्हणतात, 'कांहीं शत्रू ठराविक मुदतींत पाडलाच पाहिजे, नाहीं तर तो खवळून सर्वांस ठार करतो. नॅक्सरामसमधील पॅचवर्कसारख्या लढाईंत मांजरानें पुढें काय काय केलें असतें याचा उपयोग काय ? तेथें डॅमेजच लागतो.' हें खरें आहे. अशा लढाईंत पहिली जागा निव्वळ मारणाऱ्यासच दिली पाहिजे, आणि हायब्रीडानें त्याचा राग मानूं नये. पण सर्वच शत्रू पॅचवर्क नसतात. जेथें मंडळी विखुरते, हीलर पडतो, टँक डळमळतो, तेथें सर्व मारणारेच भरलेली मंडळी यादींत उत्तम आंकडे मिळवून एकजात मरते. सोलापुरांत जन्मलेले पॉली उम्रीगर यांनीं ५९ कसोटी सामन्यांत अवघे ३५ बळी घेतले. केवळ गोलंदाज म्हणून त्यांस कोणीं संघांत घेतलें नसतें. तेच उम्रीगर १९६२ सालीं पोर्ट ऑफ स्पेन येथें एकाच सामन्यांत ५६ व नाबाद १७२ धावा काढून वर पांच बळीही घेऊन गेले. सामना आपण हरलों. पण तेवढ्यावरून त्यांस भाराभर चिंध्या म्हणणारा माणूस आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

तथापि हायब्रीडाचे कांहीं अति-कैवारीही आहेत, आणि त्यांचाही समाचार घेणें भाग आहे. 'आम्हांस निव्वळ मारणाऱ्याइतकाच डॅमेज मिळाला पाहिजे, शिवाय आमचे इतर गुणही राहिले पाहिजेत' असें हे म्हणतात. ही मागणी न्यायाची नाहीं. ती मान्य झाली, तर निव्वळ मारणाऱ्याचा वर्ग कोणी कशाला घेईल ? २००८ च्या सुमारास वॉरक्राफ्टचे एक प्रमुख रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनीं निव्वळ वर्गांचा डॅमेज हायब्रीडांहून किंचित अधिक असावा असें धोरण मांडलें, तेव्हां त्यावर केवढा गहजब झाला ! वास्तविक तें धोरण रास्त होतें. त्याच काळीं वर्ग न पाहतां खेळाडू पाहून माणूस न्यावा, असेंही त्या रचनाकारांचें म्हणणें होतें. हेतु चांगला, पण त्यापायीं एकाचे विशेष मंत्र दुसऱ्यास वांटण्यांत आले, आणि वर्गावर्गांतील जो भेद हायब्रीडाची खरी पुंजी, तोच झिजला. सर्वांस सारखें करून दुहेरी माणसाचा मान वाढत नाहीं, त्याचें प्रयोजन संपतें. याहून 'फायनल फँटसी फोर्टीन' मध्यें २०१७ सालीं आलेला रेड मेज आम्हांस अधिक पसंत आहे. त्याचा डॅमेज ब्लॅक मेजहून कमी. पण मेलेले सोबती एकामागून एक झटपट उठविण्याची हातोटी त्याच्यापाशीं. किंमत उघड, मालही उघड ; ज्यास पटेल त्यानें घ्यावा.

म्हणून हायब्रीड घेऊन डॅमेज करूं पाहणाऱ्या तरुणास आमचें सांगणें असें. यादींत पहिलें नांव पाहण्याची हौस असेल, तर हा वर्ग घेऊं नकोस. रोग वा मेज हो, त्यांत कमीपणा नाहीं. घेतलास, तर उणा आंकडा कुरकुर न करतां पतकर, पण त्या उण्याच्या बदल्यांत दुसरी विद्या गंजूं देऊं नकोस. जो मांजर अडीअडचणीस सोबत्यास उठवीत नाहीं, आणि शामन असून खुंट रोवण्याचा कंटाळा करतो, त्याच्याविरुद्ध यादीनें दिलेला निकाल आम्हीही कायम करूं. आणि मंडळीच्या म्होरक्यांस सांगणें असें कीं, यादी जरूर वाचा, पण कोणाच्या नांवावर कोणाची कमाई पडली आहे हें अगोदर शोधा, आणि मग माणूस काढा.

आमच्या घरांतून मुलांचें मोल असेंच एका रकान्यावरून ठरतें, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. दोन विषयांत रमणाऱ्या मुलास आम्ही 'एक कांहीं तरी धड कर' म्हणून दटावतों, आणि त्याच्यामुळें घरांतील वा वर्गांतील इतर चौघांचें काम किती सुकर झालें, हें कोठें मांडून ठेवीत नाहीं. मुलांनीं हा न्याय खेळांत नेला तो आमच्याचपासून शिकून. त्यांच्या यादीस नांवें ठेवण्यापूर्वीं आम्ही आपली वही तपासावी, हें उचित.