आठवडे हातचे घालवू नका

गर्भपाताला कायद्याने किती आठवड्यांची मर्यादा असावी, हा वाद लवकर मिटणारा नाही. 2008 मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयातला दोष उशिरा कळला. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती आणि उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. 2021 मध्ये कायदा बदलला आणि काही स्त्रियांसाठी ही मर्यादा 24 आठवडे झाली. जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने, गर्भात गंभीर व्यंग असल्यामुळे, 32 आठवडे उलटून गेलेल्या महिलेला परवानगी दिली. वैद्यकीय मंडळाचं मत उलट असूनही निर्णय तिचाच, असं म्हटलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरोगी गर्भाच्या एका प्रकरणात 26 आठवड्यांच्या गर्भपाताला नकार दिला. म्हणजे 24 आठवड्यांनंतर काय होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तिथवर वेळ येऊ न देणं, एवढं तरी आपण पाहावं.

आधी कायदा नीट समजून घ्या. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. 20 ते 24 साठी दोन डॉक्टर लागतात, आणि ही सवलत सरसकट नाही: बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, दिवस गेल्यावर विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंगत्व असलेल्या अशा काही स्त्रियांनाच ती आहे. अविवाहित स्त्रीलाही ती नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. 24 नंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर मात्र आठवड्यांची अट नाही.

हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली हे कळेपर्यंत चार आठवडे गेलेलेच असतात. म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. दुकानातून गोळ्या आणून परस्पर घेऊ नका. व्यंग तपासणारी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान करून घ्या; रिपोर्टमध्ये शंका असेल तर दुसऱ्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. गर्भलिंग तपासणं गुन्हा आहे. नियमात बसणारा गर्भपात गुन्हा नाही. दोन्हींची गल्लत करून घाबरू नका.

सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कुणी अडवलं तर हे ठामपणे सांगा. तिचं नाव अधिकार नसलेल्यांना कळवणं हाच गुन्हा आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्यात तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, हेही 2022 च्याच निकालात आहे.

मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांचं आणि वाढवू नका म्हणणाऱ्यांचं एका गोष्टीवर दुमत नसावं: जितका उशीर, तितका बाईच्या जिवाला त्रास जास्त. आणि बराचसा उशीर होतो तो भीतीमुळे, लोक काय म्हणतील या धाकाने. तेव्हा आयांनो, सासवांनो, मोठ्या बहिणींनो, घरातली पोर चाचरत काही सांगू लागली, तर ‘कोण होता तो?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, ‘पाळी कधी आली होती?’ आणि तिला घेऊन दवाखान्यात जा.